शेजारच्या सीटवर मोटरमन

गुरुवार

गुरुवारी राहुकाळ दीड ते तीन. त्याच्या आत गाडी शोरूमच्या बाहेर पडली पाहिजे, अशी सासूबाईंची सक्त ताकीद होती. शोरूममधल्या मुलाला हे सांगायची वेळच आली नाही. त्याने सव्वाबारालाच सह्यांचे कागद पुढे केले. "मॅडम, गुरुवारी डिलिव्हरी घेणारे सगळेच दीडच्या आत निघतात," म्हणाला. हार झाला, नारळ झाला, चाकांखाली चार लिंबं ठेवून झाली आणि हिरव्या नंबर प्लेटची, म्हणजे विजेवर चालणारी, लाल एमजी सायबरस्टर माझ्या ताब्यात आली.

ज्यांना गाड्यांत रस आहे त्यांच्यासाठी आकडे एकदाच देते. दोन मोटर, एक पुढच्या चाकांना आणि एक मागच्या. दोन्ही मिळून ५१० पीएस, म्हणजे साधारण तितक्या घोड्यांची ताकद, आणि ७२५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारी ओढ. बॅटरी ७७ किलोवॅट-तासांची, म्हणजे पोटात ७७ युनिट वीज. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर ३.२ सेकंदांत. वजन दोन टनांच्या आसपास. छत कापडी, बटण दाबलं की उघडतं. दारं कात्रीसारखी वर जातात. एमजी म्हणजे मूळचं ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस, हे नाव १९२४ पासूनचं. १९६२ ते १९८० या काळात त्यांची एमजीबी ही स्पोर्ट्स कार, उघडी आणि बंद छताची मिळून, पाच लाखांवर खपली. आता मालकी चिनी कंपनीकडे आहे, भारतात जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे आणि ही गाडी चीनमध्ये तयार होऊन येते. जुलै २०२५ मध्ये ती इथे आली तेव्हाची किंमत पाऊण कोटीला एक हजार कमी. ते हजार रुपये का सोडले असतील, हे दुकानदारांनाच माहीत.

मी सीए आहे. दिवसभर दुसऱ्यांना ‘ही खरेदी कशासाठी?’ असं विचारायची पगारी सवय. ही गाडी कुठल्याच हिशोबात बसत नाही, हे मला घेतानाच माहीत होतं, त्यामुळे त्यावर अधिक बोलत नाही. मुलगी शिकायला बाहेर गेली. नवरा म्हणाला, "तुझे पैसे, तुझी कंबर." एवढ्यावर घरातली चर्चा संपली होती.

शोरूमपासून पार्ल्यापर्यंत येताना कळलं, की या गाडीत सुरुवातीला काही घडतच नाही. आवाज नाही, थरथर नाही, गिअर पडल्याचा धक्का नाही. पायाखाली ५१० घोडे आहेत हे विसरायला होतं. आठवण येते ती पहिल्या स्पीडब्रेकरला. गाडीचं पोट जमिनीपासून अर्ध्या वितीवर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो स्पीडब्रेकर आहे तो कुठल्या मापाने घातलाय, देव जाणे. तिथे मी गाडी तिरकी घेतली, आधी डावं चाक, मग उजवं, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न न वाजवता थांबून बघत राहिला. मुंबईत रिक्षावाला हॉर्नविना थांबला, यातच काय ते समजा.

पार्किंगची मला धास्ती होती. माझी जागा खांब आणि शेजारच्यांची मोठी एसयूव्ही यांच्यामध्ये आहे. गाडीची रुंदी १९१३ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दार उघडून अंग बाहेर काढण्याइतकी जागा उरत नाही. इथे ती नाटकी दारं कामाला आली. बटण दाबलं, दार आधी किंचित बाहेर आलं आणि सरळ वर गेलं. एसयूव्हीला पदरसुद्धा लागला नाही. वर मात्र आगीच्या पाण्याचा लाल पाइप जातो. दार त्याच्या जवळ आल्यावर आपोआप थांबलं, सेन्सर आहे त्याला. वॉचमन खाली वाकून, वर मान करून, पाइप आणि दार यांच्यातलं अंतर बोटांनी मोजत होता. "मॅडम, चार बोटं," त्याने जाहीर केलं. तेव्हापासून दार उघडताना तो हातातलं काम टाकून येतो.

चार्जरची वायर मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत आधीच ओढून घेतली होती. त्या परवानगीची कथा लांबलचक आहे. ‘तुमच्या गाडीमुळे लिफ्ट बंद पडेल का’ हा प्रश्न तीन सभांत वेगवेगळ्या लोकांनी विचारला, एवढं सांगून ती सोडून देते. भिंतीवरचा डबा ७.४ किलोवॅटचा आहे. बॅटरी पार रिकामी झाली तर भरायला साधारण साडेदहा तास. ती रिकामी कोण करतंय म्हणा.

संध्याकाळी सासूबाईंना खाली आणलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"मागे कोण बसणार?"

"मागे सीटच नाही, आई."

"मग आम्हाला कशाला दाखवतेस?" म्हणाल्या, आणि तरीही चाकावर हळदकुंकू वाहिलं.

शुक्रवार

ऑफिस लोअर परळला. या शहरात स्पोर्ट्स कार म्हणजे निव्वळ वेडेपणा, असं मला गेले काही महिने ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांचं म्हणणं एकच होतं: पळवणार कुठे? प्रश्न रास्त आहे. पण आजच्या दिवसानंतर माझं मत असं झालंय, की पेट्रोलची स्पोर्ट्स कार मुंबईत वेडेपणा आहे आणि विजेची मात्र याच शहरासाठी आहे.

कारण सांगते. पेट्रोलच्या इंजिनाला ताकद द्यायला आधी गरगर फिरावं लागतं. मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांना ते पेंगत असतं, खरी ओढ त्याच्या बऱ्याच वर. म्हणून पेट्रोलची तगडी गाडी वाकोल्याच्या रांगेत गुरगुरते, तापते, झटके देते, आणि तिची मजा ज्या वेगाला सुरू होते तो वेग हायवेवर रात्री दोनला मिळतो. मोटरचं उलट. चाक स्थिर असतानाच तिची ओढ सगळ्यात जास्त. सिग्नल हिरवा होतो, पुढे चाळीस मीटर मोकळे आहेत, आणि त्या चाळीस मीटरांत तुम्हाला गाडीने देण्यासारखं जे काही आहे ते सगळं मिळतं. पुन्हा थांबा. पुन्हा चाळीस मीटर. वांद्र्यापर्यंत मी हसत होते.

आणि थांबलेली असताना ती खरोखर थांबलेली असते. मोटर काही खात नाही. खातो तो एसी. परतताना माहीमपासून रांग लागली तेव्हा पडद्यावर बघत होते: गाडी उभी, आणि वीज जातेय ती फक्त गारव्यावर. डिसेंबर असल्यामुळे छत उघडून एसी बंद केला. मग लक्षात आलं, की इंजिनाचा आवाज नसला की उघड्या गाडीत आख्खा रस्ता कानात येतो. बसमधला कंडक्टर सुट्ट्यांवरून कोणाला तरी झापत होता, ते शब्दन्शब्द. शेजारच्या टॅक्सीत जुनी गाणी. खाडीचा वासही शब्दन्शब्द.

प्रश्न मात्र ठरलेले. सिग्नलला बाइकवाला: "काय देते?" मी म्हटलं, युनिटला पाच-साडेपाच किलोमीटर. त्याला ते पटलं नाही. "फुल चार्जमध्ये?" कागदावर ५८०. माझ्या दोन दिवसांच्या अंदाजाने चारशेच्या आसपास. "मग ठीक आहे," म्हणाला, जणू मी त्याच्या परवानगीसाठी थांबले होते.

शनिवार

पहाटे साडेपाचला एकटीच कोस्टल रोडला. वांद्र्याहून सी लिंक, तिथून कमानीच्या पुलावरून थेट कोस्टल रोड, मरीन ड्राइव्हपर्यंत एकही सिग्नल नाही. वरळी ते मरीन ड्राइव्ह १०.५८ किलोमीटर, मार्च २०२४ मध्ये एक बाजू सुरू झाली, नंतर बाकीची. वेगमर्यादा ८०, बोगद्यात ६०, कॅमेरे आहेत. रात्री-अपरात्री इथे गाड्या उडवणाऱ्यांच्या आवाजाने ब्रीच कँडीतले लोक वैतागलेले आहेत, तक्रारी झाल्यात. माझ्या गाडीने त्यांची झोप मोडणं शक्यच नाही. ८० ला टायरचा आवाज आणि वारा, बाकी शांत.

८० म्हणजे या गाडीला काहीच नाही, हे खरं. पण विजेच्या गाड्यांचं वेगाशी नातं जुनं आहे. मोटारीने ताशी १०० चा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ मध्ये, कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने, आणि त्याची गाडी विजेवर चालणारी होती. पेट्रोलवाले तेव्हा मागे होते. मग शंभर वर्षं बॅटरीने मार खाल्ला. २००८ मध्ये टेस्लाने लोटस एलिसच्या सांगाड्यावर आधारलेली रोडस्टर काढली. तिच्या बॅटरीत लॅपटॉपमध्ये असतात तशा जातीचे ६,८३१ सेल जोडले होते. विजेची गाडी म्हणजे गोल्फच्या मैदानातली खेळणी, ही समजूत तिथपासून मोडली. एलिस नऊशे किलोंच्या आतबाहेर, टेस्लाची रोडस्टर बाराशेच्या वर, आणि माझी दोन टनांची. वजनाचं हे दुखणं गेलेलं नाही. वळणावर जाणवतं: गाडी चिकटून वळते, पण अंगातलं वजन लपवत नाही. जुन्या एमजीबीसारखी हलकीफुलकी गाडी हवी असणाऱ्याने ही घेऊ नये, हे मी कोणालाही सांगेन.

बोगदा मलबार हिलच्या पोटातून, २.०७ किलोमीटर, ‘मावळा’ नावाच्या यंत्राने खणलेला. छत उघडं ठेवून आत गेले ते पुन्हा करणार नाही. मागून एक डिझेल बस आली, तिचा आवाज भिंतींवरून फिरून डोक्यावर आदळला आणि धूर माझ्या वाट्याला.

चौपाटीला वळसा घालून आठच्या आत घरी.

रविवार

मामांना घेऊन लोणावळा. खरं तर दोन सीटच्या गाडीत दुसरी सीट कोणाची, यावर घरात रुसवेफुगवे व्हायला हवे होते. पण नवऱ्याला पहाटे उठायचं नव्हतं आणि सासूबाईंना एवढं खाली बसून परत उठायचं नव्हतं. मामा मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालेले, राहतात चेंबूरला. मी न्यायला येते म्हटलं तर म्हणाले, "उगाच उलट कशाला येतेस? मी हार्बरने शिवडीला उतरतो. सहा पाचला बाहेर उभा आहे." मी सहा सातला पोचले. त्यांनी घड्याळ बघितलं, बोलले काही नाहीत.

बसताना आधी हात कुठे ठेवायचा यावर थोडा विचार झाला, मग एकदम खाली जाऊन बसले. मोटरमनची सीट उंच, समोर रूळ, खाली प्लॅटफॉर्म. इथे डोळे ट्रकच्या नटबोल्टच्या रेषेत. "मने, मला ट्रकचा खालचा भाग दिसतोय," म्हणाले.

शिवडीहून अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. वेगमर्यादा १००. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक मोटारींना इथे आणि एक्सप्रेसवेवर टोल माफ. सुरुवातीला दोन्ही बाजूंना पडदे लावलेले आहेत. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला आलेल्यांची त्यात निराशा होते. मग पडदे संपतात आणि पाणीच पाणी.

मामांचं पाण्याकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या पायाकडे बघत होते. "सारखं दाबतेस नि सोडतेस. कशाला? वेग आला ना, मग पॉवर कट कर, घरंगळू दे." लोकलमध्ये हेच करतात. दोन स्टेशनांमध्ये थोडा वेळ ओढायचं, मग मोटर बंद ठेवून नुसतं धावू द्यायचं, पुढच्या स्टेशनला ब्रेक. मी तसं करून पाहिलं. या गाडीत डाव्या पॅडलने रीजन कमी-जास्त करता येतं, म्हणजे पाय उचलल्यावर गाडीने स्वतःला किती आवरायचं आणि त्यातून किती वीज बॅटरीत परत घ्यायची ते ठरवता येतं. मी अगदी कमी केलं. गाडी घरंगळत राहिली आणि पडद्यावरचा युनिटचा आकडा सुधारला. मामांनी तो बघितला आणि मान हलवली. निवृत्त माणसाला कामावर घेतल्याचं समाधान त्या मान हलवण्यात होतं.

टोलनाक्यावर गाडी थांबली, दांडा वर गेला. पुढे सरळ, रिकामा रस्ता. स्टिअरिंगवर एक लाल बटण आहे, सुपर स्पोर्ट. गुरुवारपासून मी त्याला हात लावला नव्हता. दाबलं आणि पाय खाली.

ते तीन सेकंद कसे होते, हे लिहायचा बराच प्रयत्न केला. पोट पाठीला लागतं. मानेला कळायच्या आत डोकं सीटवर आपटलेलं असतं. डोळे समोरच्या एका बिंदूवर चिकटतात, कडेचं सगळं पुसलं जातं. आवाज जवळपास नाही, आणि म्हणूनच भीती जास्त, कारण इंजिनाच्या आवाजाने माणसाला आधी वर्दी मिळत असते, इथे ती मिळत नाही. गणित केलं तर हा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या नव्वद टक्क्यांइतका, आणि शंभरला पोचेपर्यंत गाडी जेमतेम पंचेचाळीस मीटर गेलेली असते. लोकलचे दोन डबे आणि वर थोडं.

१०० ला पाय उचलला. मामांचा उजवा हात डॅशबोर्डवर, डावा दाराच्या कडीवर. चष्मा कपाळावर गेला होता. थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी सुटताना गार्ड दोन घंट्या देतो. टिंग टिंग. तू काहीच दिलं नाहीस."

"सॉरी मामा."

"पुन्हा कर. पण घंटी दे."

मी तोंडाने टिंग टिंग केल्याशिवाय नंतर दिवसभर पाय दाबला नाही.

पनवेलच्या बाजूने एक्सप्रेसवे धरला. सपाटीवर १०० ने गाडी युनिटला पाच किलोमीटर देते, शहरापेक्षा कमीच. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाने वाढतो, आणि शहरात ब्रेक मारताना वीज परत मिळते, तशी सरळ रस्त्यावर मिळत नाही. दुसरं काही नाही त्यात.

मामांनी वाटेत ‘तुझ्या गाडीत नवीन काय’ हा विषय काढला. मुंबईत विजेची रेल्वेगाडी १९२५ मध्ये आली, ३ फेब्रुवारीला, व्हीटी ते कुर्ला. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. तेव्हा दीड हजार व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. मामांच्या सुरुवातीच्या गाड्या त्याच. हँडल एकेक नॉच पुढे न्यायचं, तसतसा मोटरच्या वाटेतला रेझिस्टन्स कमी होत जायचा. हँडलवरचा हात सुटला की ब्रेक आपोआप लागायचा, म्हणून त्याला डेडमॅन म्हणत. २०१६ मध्ये मध्य रेल्वेचं डीसी संपलं, सगळीकडे पंचवीस हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, झाली. नव्या थ्री-फेज लोकल ब्रेक लावताना मोटरची जनित्रं करतात आणि वीज वरच्या तारेत परत देतात. "तुझ्यासारखंच. फक्त तू डब्यात भरतेस, आम्ही तारेत सोडायचो."

"मग माझी बॅटरी भरलेली असेल तर?"

"तर जागा नाही. ब्रेक घासूनच लावावा लागेल." हे त्यांनी गाडीचं पुस्तक न वाचता सांगितलं. पुस्तकात तेच आहे: बॅटरी शंभर टक्के असेल तर रीजन कमी होतं.

खोपोलीनंतर चढ सुरू झाला. घाटात मोटारींना मर्यादा ६०, डावीकडे ट्रकांची रांग कण्हत चाललेली. दरीवर मिसिंग लिंकचा, म्हणजे घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्याचा, उंच केबलचा पूल दिसत होता, मामांनी तो खांबाखांबाने न्याहाळला. पायथ्याला बॅटरी ६९ टक्के, माथ्यावर ६१. आठ टक्के, म्हणजे सहा युनिट. मी मनातल्या मनात ताळा केला. दोन माणसं धरून गाडी एकवीसशे किलोंच्या थोडी वर, चढ साडेपाचशे मीटर. नुसतं एवढं वजन एवढं उचलायलाच सव्वातीन युनिट लागतात, बाकीचे रस्ता आणि हवा. बरोबर येतं. मामा म्हणाले, याच घाटात कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात, तीन तीन, आणि ती ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात. "तुझं बँकर तुझ्याच पोटात आहे."

खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर थांबलो. खाली रेल्वेचे बोगदे दिसतात. मामांनी कुठल्या बोगद्यानंतर कुठलं वळण येतं ते सांगितलं. त्यांनी या घाटात गाडी कधी चालवली नव्हती, घाटाच्या दिशेने लोकल कर्जतलाच संपते. पण पाठ सगळं. तोवर गाडीभोवती दहा-बारा जण जमले. एका मुलाने विचारलं, "आजोबा, गाडी तुमची का?" मामा म्हणाले, "हो. ती ड्रायव्हर आहे."

मिसळ खाऊन चार्जिंगला गेलो. गरज नव्हती, पण सार्वजनिक चार्जर कसा असतो ते बघायचं होतं. हा दिवसातला सर्वांत कंटाळवाणा भाग. दोन मशीनपैकी एक बंद. दुसऱ्यापुढे एक कुटुंब आणि एक हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेली टॅक्सी. आमची पाळी आली तेव्हा ॲपने पैसे घेतले आणि चार्जिंग सुरू केलं नाही. पुन्हा केलं, तेच. हेल्पलाइनवर संगीत. मामांनी विचारलं, "ट्रिप झालंय का? एकदा बंद करून चालू कर." तेवढ्यात टॅक्सीवाले दादा, साताऱ्याकडचे, चहा हातात घेऊन आले. "ताई, गन वजनाने खाली लोंबकळतेय. खालून उचलून धरा आणि मग आत दाबा. लॉक पडल्याचा आवाज आला पाहिजे." केबल जड असते, तिच्या वजनाने प्लग किंचित तिरका बसतो आणि पिना नीट टेकत नाहीत. मी उचलून धरली, मामांनी दाबली, खट्ट झालं, आकडे फिरू लागले. पुण्यापर्यंत कुठला चार्जर चालतो, कुठल्याला उन्हाळ्यात वीज कमी मिळते, कुठे स्वच्छतागृह बरं आहे, हे सगळं त्या दादांना तोंडपाठ होतं. कुठल्याच ॲपमध्ये ही माहिती मिळणार नाही.

साठ किलोवॅटच्या मशीनवर ६१ वरून ८० व्हायला पाव तास लागला. ८० ला थांबवलं. पुढे बॅटरीच हात आखडता घेते, सेल भरत आले की प्रवाह कमी करावा लागतो, आणि मागे रांग होती.

उतरताना रीजन पूर्ण वाढवलं. घाटभर ब्रेकच्या पेडलला क्वचितच पाय लागला. मामा पडद्यावरचा हिरवा पट्टा बघत बसले होते. माथ्यावर ८० होते, खोपोलीच्या पातळीला आलो तेव्हाही ८०. तेरा-चौदा किलोमीटर फुकटात. शेजारून जाणाऱ्या ट्रकांच्या चाकांतून जळक्या ब्रेकचा वास येत होता.

चेंबूरला मामांना सोडलं. मामी खिडकीतून बघत होत्या. मामा दार वर जाताना मुद्दाम सावकाश उतरले.

सोमवार

रात्रभर गाडी डब्याला लावली होती. सकाळी सवयीने ताळेबंद मांडला. रविवारी सुमारे दोनशे किलोमीटर, एक्केचाळीस युनिट. पंधरा बाहेरचे, बावीस रुपयांनी. बाकीचे घरचे, दहा रुपये धरून. सगळे मिळून सहाशेच्या आत. एवढ्याच ताकदीच्या पेट्रोल गाडीला लिटरला सात किलोमीटर धरले तर तीन हजार गेले असते. म्हणजे एका रविवारी चोवीसशे वाचले. या गतीने गाडीची किंमत वसूल व्हायला तीन हजारांवर रविवार लागतील, साधारण साठ वर्षं. सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोवर मी असेन तर मागे सीट बसवून घे."

ऑफिसला निघताना मामांचा फोन. आयुष्यभर बारा डब्यांची गाडी चालवली, पण मोटारीचं लायसन्स त्यांनी कधी काढलंच नव्हतं. आता या वयात लर्निंगला डॉक्टरचा दाखला लागतो का, विचारत होते. लागतो, चाळिशीनंतर सगळ्यांनाच, फॉर्म १-ए. त्यांनी तो लिहून घेतला आणि आरटीओ किती वाजता उघडतं ते विचारलं.